मालवण परिसरात सप बोर्डसाठी (उभं राहून वल्हवायची फळी) पाणी कुठलं चांगलं?

प्रश्न:
जानेवारीत मालवणला मुक्काम आहे. हवा भरायचे दोन बोर्ड नेतोय, साडेदहा फुटी, ३२ इंच रुंद. एकाला सराव आहे, दुसरा नुकताच उभा राहायला लागलाय. तारकर्लीच्या समुद्रात उतरावं की खाडीत? आणि कोणत्या वेळी?

उत्तर:
नवखा सोबत आहे, तर कर्ली खाडीच. तारकर्ली ते देवबाग ती किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे जाते. मध्ये वाळूची अरुंद पट्टी असल्याने समुद्राची लाट आत येत नाही. देवबागला खाडीच्या अंगाने उतरा, पण संगमापासून, म्हणजे खाडी समुद्राला मिळते तिथून, निदान एक किलोमीटर आत. भरतीबरोबर उत्तरेला वर जायचं, ओहोटीबरोबर खाली यायचं.

त्यासाठी तिथी बघून दिवस ठरवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. (नेमकी वेळ तक्त्यातच बघा, फरक पडतो.) हे दोन दिवस सकाळसाठी उत्तम. सातला निघालात तर भरतीचा शेवटचा मंद ओघ वर नेतो, आणि खारा वारा (समुद्राकडून येणारा) जोर धरायच्या आत ओहोटी परत आणते. शिवाय उधाण नसल्याने ओढ कमी. पौर्णिमा-अमावास्येला मात्र भरती दुपारपर्यंत चढतच राहते. परत यायचं तर तिच्याविरुद्ध वल्हवा, नाहीतर दुपारच्या उन्हापर्यंत थांबा.

उत्तर:
वरच्यात एक भर. परतताना ओहोटी आणि वायव्येचा वारा दोन्ही संगमाकडेच ढकलतात. तोंडाशी ओहोटीचं पाणी समोरून येणाऱ्या लाटांना भिडतं आणि आखूड, उभ्या लाटा उठतात; तिथे सरावलेलाही पडतो. म्हणून उतरायच्या जागेच्या बऱ्याच आधी काठ धरा आणि काठाकाठानेच खाली या. प्रवाह मधोमध जास्त असतो. उशिरा गेलात तर पर्यटकांच्या मोटारबोटींच्या लाटाही झेलाव्या लागतील.

लीश (माणसाला बोर्डशी जोडणारी दोरी) घोट्याला बांधू नका. खाडीत जाळ्यांचे खुंट असतात. लीश त्यात अडकली की प्रवाह माणसाला खाली ओढून धरतो आणि हात घोट्यापर्यंत पोचत नाही. कमरेचा, एका झटक्यात सुटणारा पट्टा घ्या.

प्रश्न विचारणारा:
म्हणजे समुद्र अजिबात नको?

उत्तर:
सराव असलेल्याने जायला हरकत नाही, पण सकाळचं सपाट पाणी फसवं असतं. तेव्हा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठाजवळ माडांच्या आडोशाने तो जाणवत नाही, शंभर मीटर आत गेल्यावर लागतो. उभा माणूस शिडासारखा ढकलला जातो, तेव्हा लगेच गुडघ्यांवर बसून वल्हं आखूड धरायचं. जाताना आधी वाऱ्याच्या विरुद्ध, हा नियम इथे पाळता येत नाही, म्हणून काठाला समांतरच फिरा.

बाकी जागांत कोळंबची खाडी लहान आणि शांत आहे, पण ओहोटीला चिखल उघडा पडतो. पूर्ण भरतीच्या आगेमागे दीड-दोन तासच. वेंगुर्ल्याची मांडवी खाडी कांदळवनासाठी जरूर करा. दोन्हीकडे आखूड फिन (बोर्डखालचा पर) लावा, खडकांवरची कालवं लांब फिन अडकवतात आणि बोर्डही कापतात.

हवा बोर्डवर लिहिलेल्या दाबाइतकीच, बहुतेकांत १२ ते १५ पीएसआय. नाश्त्याला थांबलात तर बोर्ड सावलीत, नाहीतर थोडी हवा सोडून ठेवा. उन्हात दाब वाढून शिवणीचा डिंक सुटतो.