30 मिलिग्रॅमची मर्यादा: शून्यावर आणायची, की तपासणी वाढवायची?

प्रश्न (वळणवाट): मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असेल तर गुन्हा. मोठा अपघात झाला की ही मर्यादा शून्य करा, अशी मागणी होते. त्याने मृत्यू खरंच घटतात का? आणि तीस म्हणजे नेमकी किती दारू?

मोजमाप: आधी हिशेब. 60 मिलि व्हिस्कीत साधारण 20 ग्रॅम मद्यार्क असतो. सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात त्याने आकडा चाळीसच्या आसपास जातो, म्हणजे एका लार्ज पेगलाच मर्यादा ओलांडली. त्याच वजनाच्या बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून आकडा आणखी वर. आठ टक्क्यांच्या 650 मिलि स्ट्राँग बिअरच्या बाटलीत 41 ग्रॅम, म्हणजे दोन लार्ज पेग. लोक तिला 'फक्त बिअर' म्हणतात, तिथेच फसतात.

उतरण्याचा वेग तासाला साधारण 15 मिलिग्रॅम. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी तो वाढत नाही. व्हिस्कीची क्वार्टर (180 मिलि) एका बैठकीत संपवली तर आकडा 125-130 वर जातो आणि तीसखाली यायला सहा-सात तास लागतात. रात्री उशिरा पिऊन पहाटे एसटी, ट्रक किंवा स्कूलबस काढणारा माणूस झोप झाली म्हणून शुद्धीवर असतोच असं नाही.

लोकस्वास्थ्य: मूळ प्रश्नाकडे येतो. स्कॉटलंडने डिसेंबर 2014 मध्ये मर्यादा 80 वरून 50 केली, पण तपासणी वाढवली नाही. नंतरच्या अभ्यासात अपघात घटलेले दिसले नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात 1980 सालीच 50 ची मर्यादा आली होती, तरी ठळक घट झाली ती 17 डिसेंबर 1982 नंतर, म्हणजे संशय असो-नसो कुणालाही थांबवून श्वास तपासायच्या यंत्रात फुंकायला लावणं सुरू झाल्यावर. उलट बाजूही सांगायला हवी: अमेरिकेतल्या युटा राज्याने 2018 च्या शेवटी 80 चे 50 केले आणि 2016 ते 2019 दरम्यान तिथला प्राणघातक अपघातांचा दर जवळपास 20 टक्क्यांनी उतरला. तेव्हा आकड्याला अर्थ आहे. पण आपला आकडा आधीच या तिघांपेक्षा कडक आहे. तीसचे शून्य करून फारसं हाती लागणार नाही. 'आज रात्री आपल्याला अडवतील' ही खात्री प्रत्येक चालकाला वाटली पाहिजे.

वळणवाट: मग आपल्याकडे सरसकट तपासणी का होत नाही?

कलमकसाई: श्वासाची चाचणी घ्यायचा अधिकार पोलिसांना देणाऱ्या त्याच कायद्याच्या कलम 203 मध्ये 'संशयाला वाजवी कारण' ही अट आहे. नाकाबंदीत वास, अडखळणारं बोलणं, वेडीवाकडी गाडी यांवर ते कारण उभं राहतं. तिथे दुरुस्ती मागायला हवी, तीसवर नाही.

दंड 2019 पासून पहिल्या वेळी 10 हजार रुपये किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण खटले ढिले पडतात ते नमुन्यामुळे. शेवटच्या घोटानंतर 15 मिनिटं थांबल्याशिवाय फुंकायला लावलं तर तोंडातल्या दारूने आकडा फुगतो. अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर कोठडीतून सोडून द्यावं लागतं. रक्त घेताना स्पिरिटचा बोळा लावायचा नाही आणि बाटलीत सोडियम फ्लोराइड हवंच. नाहीतर जंतू नमुन्यातच मद्यार्क तयार करतात आणि बचावपक्षाला आयता मुद्दा मिळतो.