मदत हवी आहे: दिवसा बोलतो, रात्री मुका होतो (आरएस-४८५, कोल्ड स्टोरेज)

भोसरी_बेंच

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. अर्धा तांत्रिक, अर्धा ऑफिसातला.

भोसरी एमआयडीसीतल्या एका लहान कंपनीत फर्मवेअर (उपकरणाच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) बघते. आमचा आठ चॅनेलचा तापमान कंट्रोलर आहे: पीटी-१०० सेन्सर (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा), एसटी कंपनीची एसटीएम३२एफ१०३ चिप, आरएस-४८५ (सिरियल लाइन) वर मोडबस आरटीयू प्रोटोकॉल, ९६०० बॉड (सेकंदाला ९६०० बिट), पॅरिटी नाही. कोड मी येण्याआधीचा आहे. लिहिणारे गृहस्थ परदेशी गेले, मागे कॉमेंट ठेवली ती एकच: "इथे हात लावू नये."

नाशिककडच्या एका द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजला या वेळी नवीन बॅच गेली. तिथून तक्रार अशी की रात्री स्काडावर (कंट्रोलरकडून रीडिंग मागवणारी देखरेखीची सिस्टिम) "कम्युनिकेशन फेल"चा अलार्म वाजतो. पाच-दहा मिनिटांनी आपोआप जातो, पुन्हा येतो. लॉगमध्ये टाइमआउट नाही, सीआरसी (प्रत्येक फ्रेमच्या, म्हणजे संदेशाच्या, शेवटी येणारा तपासणीचा आकडा) एरर आहे. स्काडा तीनदा रिट्राय करतं, तिन्ही वेळा सीआरसीच चुकतो. दिवसाही एरर दिसतात, पण सुट्या-सुट्या, म्हणून अलार्मपर्यंत जात नाहीत.

तिथल्या ऑपरेटरचं म्हणणं, "मॅडम, चेंबरचं दार उघडलं की कम्युनिकेशन पुन्हा चालू होतं." त्यामुळे सगळ्यांनी दमट हवेवर खापर फोडलं. सर्व्हिसच्या मुलाने शिल्डेड केबल टाकली, दोन्ही टोकांना १२० ओहम लावले, ट्रान्सीव्हर (लाइनवर पाठवणारी-घेणारी चिप) बदलला, कॉम्प्रेसरच्या व्हीएफडीपासून (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) वायरिंग लांब नेलं. फरक शून्य. त्याच पॅनेलमधले मागच्या वर्षीचे दोन कंट्रोलर मात्र व्यवस्थित चालू आहेत.

आमच्याकडे टेस्ट जिगवर (तपासणीच्या स्टँडवर) हीच बॅच रात्रभर चालवली, एकही एरर नाही.

साहेबांचं मत: "हार्डवेअर बदललेलं नाही, म्हणजे फर्मवेअरच." पण फर्मवेअरही तेच आहे, चेकसमसकट. ग्राहकाने पेमेंट अडवलंय आणि एट-डी रिपोर्ट (दोषाचं कारण आणि उपाय डी-१ ते डी-८ अशा पायऱ्यांत मांडणारा) मागितलाय. कुठून सुरुवात करू?

सोल्डरवाला

ग्राउंड तपासलं का? दोन पॅनेलच्या ग्राउंडमध्ये फरक असेल तर कॉमन मोड (दोन्ही तारांवरचं समाईक व्होल्टेज) -७ ते +१२ व्होल्टच्या बाहेर जातो. आमच्याकडे साखर कारखान्यात हेच झालं होतं.

भोसरी_बेंच

तपासलं, एक व्होल्टसुद्धा नाही. शिवाय जुने दोन त्याच वायरवर आहेत.

तळेगावकर

ऑपरेटरचं ऐका, त्याने अर्धं निदान करून दिलंय. दार उघडलं की हवेपेक्षा आधी काय बदलतं? तुमचं रीडिंग. रीडिंग बदललं की फ्रेम बदलते, फ्रेम बदलली की सीआरसी बदलतो. रात्री चेंबर स्थिर, रीडिंग स्थिर, म्हणून प्रत्येक रिट्रायला तीच फ्रेम आणि तीच चूक. हा नॉइज नाही. नॉइज एवढा शिस्तीचा नसतो.

तीन गोष्टी सांगा. जिगवर सेन्सरच्या जागी काय लावता? ट्रान्सीव्हरची डीई पिन (ही वर असेपर्यंतच तो लाइनवर पाठवतो) कोडमध्ये कधी खाली येते? आणि नव्या बॅचवर एमसीयू (मुख्य चिप) खरोखर तोच आहे का? बीओएम (पार्टची यादी) बघू नका, बोर्ड बघा.

भोसरी_बेंच

जिगवर १०० ओहमचे फिक्स रेझिस्टर. आठही चॅनेल कायम ०.० अंश.

डीईचा कोड: शेवटचा बाइट टाकला, टीएक्सई फ्लॅगची वाट पाहिली, मग एक रिकामा फॉर लूप, मग डीई खाली. "हात लावू नये" ती कॉमेंट या लूपवरच आहे.

एमसीयूवर कन्फॉर्मल कोटिंग (संरक्षक थर) आहे. ते खरवडून भिंगाखाली मार्किंग वाचलं. एसटीचा लोगो नाही! पिनला पिन जुळणारी दुसऱ्या कंपनीची चिप आहे. परचेसच्या काकांना विचारलं तर म्हणाले, "२०२१ मध्ये मिळत नव्हत्या तेव्हा तुम्हीच सँपल पास केलं होतं की. यंदा स्वस्त पडली म्हणून तीच घेतली." तेव्हा मी इथे नव्हते, पण सँपलच्या कागदावर सही आहे खरी. त्या वेळी एलईडी लुकलुकला, जिग पास झाली, विषय संपला.

तळेगावकर

सापडलं की मग. टीएक्सई म्हणजे डेटा रजिस्टर रिकामं झालं. शेवटचा बाइट तेव्हा शिफ्ट रजिस्टरमधून अजून बाहेर पडतच असतो. तो संपल्याचं सांगतो टीसी फ्लॅग. तुमच्या गृहस्थांनी टीसीऐवजी लूपने वेळ काढली. एफ१०३ ला ७२ मेगाहर्ट्झवर फ्लॅशसाठी (कोड साठवणारी मेमरी) २ वेट स्टेट (थांबायचे क्लॉक) लागतात, त्या हिशेबाने लूप बरोबर बसला होता. पर्यायी चिपांपैकी काही कोड आतल्या रॅममधून चालवतात, तिथे वेट स्टेटच नाहीत. क्लॉक तोच असूनही लूप लवकर आटोपतो आणि डीई आधीच खाली येते.

आता गंमत बघा. यूएआरटी (चिपमधला सिरियल पाठवणारा भाग) खालचा बिट आधी पाठवतो, म्हणजे सीआरसीच्या शेवटच्या बाइटचा वरचा बिट सर्वांत शेवटी जातो. डीई सुटली की बायसमुळे (रिकामी लाइन ओढून धरणारे रेझिस्टर) लाइन १ वर जाते. कापला गेलेला बिट मुळात १ असेल तर कुणाला पत्ताही लागत नाही. शून्य असेल तर मास्टर (इथे स्काडा) १ वाचतो आणि सीआरसी चुकतो. तुमच्या जिगवर आठही शून्य, सीआरसी कायम एकच, आणि त्याचा वरचा बिट नेमका १ असणार. अशी जिग वर्षभर चालवलीत तरी पासच होईल.

स्कोपवर एक प्रोब टीएक्सवर, दुसरा डीईवर, ट्रिगर डीईच्या फॉलिंग एजला. फोटो टाका.

भोसरी_बेंच

डीई स्टॉप बिट संपण्याच्या साधारण १८० मायक्रोसेकंद आधी खाली येते. एक बिट १०४ चा. म्हणजे स्टॉप बिट आणि त्याच्या आधीच्या बिटचा बराचसा भाग गायब. टीसीची वाट बघायला लावली, आणि एका चॅनेलवर फिक्स रेझिस्टरऐवजी पोटेंशिओमीटर लावून फिरवत बसले. जुन्या कोडवर धडाधड एरर, नव्यावर एकही नाही. तळेगावकर, माझ्याकडून चहा लागू.

आता ऑफिसातलं. साहेब म्हणतात एट-डीमध्ये "परचेसने परवानगीशिवाय पार्ट बदलला" असं लिही. काका निवृत्तीला आलेत, आणि कागद त्यांच्या बाजूने आहे. मला ते बरोबर वाटत नाही, पण ग्राहकाला काहीतरी कारण द्यायचंय.

फुकट_सल्ला

काकांचा बळी देऊ नका, चूकही ठरेल ते. मी ग्राहकाच्या बाजूला बसून असे रिपोर्ट वाचतो. "अमक्याने केलं" दिसलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग त्याला करू कोणी दिलं? डी-४ (मूळ कारणाची पायरी) मध्ये दोन कारणं वेगळी मांडा. दोष का निर्माण झाला: डीईची वेळ लूपवर अवलंबून होती. दोष का निसटला: जिगवर एकच सीआरसी तपासला जातो. चिप बदलली हा त्यातला निव्वळ प्रसंग. डी-७ (पुन्हा होऊ नये म्हणूनची पायरी) मध्ये लिहा की पर्यायी पार्टला यापुढे ईसीएन (बदलाची अधिकृत नोंद), आणि त्यावर फर्मवेअरची सही. साहेबांना सांगा, यात कंपनीचं नाक राहतं.

सोल्डरवाला

साइटवर नवं फर्मवेअर कसं टाकणार? बूटलोडर (लाइनवरूनच नवा कोड भरणारा छोटा प्रोग्राम) आहे? रीड प्रोटेक्शन (चिपमधला कोड बाहेर वाचू न देणारं कुलूप) लावलंय का? ते काढताना आख्खी फ्लॅश पुसली जाते. कॅलिब्रेशन त्याच फ्लॅशमध्ये असेल तर आठही चॅनेलचं गेलं म्हणून समजा.

भोसरी_बेंच

बाप रे. बूटलोडर नाही, प्रोटेक्शन लावलंय, आणि कॅलिब्रेशन शेवटच्या पेजवर आहे. ऑफसेट आणि गेन मोडबसवरून वाचता येतात, म्हणजे आधी ते उतरवून घ्यायचे, मग फ्लॅश, मग परत लिहायचे. वाचताना सीआरसी चुकलाच तर रजिस्टरं वेगवेगळ्या गटांत मागेन, कधीतरी वरचा बिट १ येईलच.

साहेबांना डी-४ दाखवला. "परचेस" शब्द एका ठिकाणी राहू दे म्हणाले. कुठे ठेवू, सुचवा.