बाईंबद्दल आणखी थोडं

आम्हाला शाळेत शिकवणाऱ्या सोलापूरच्या बाईंच्या भारुडाची आठवण कुणीतरी लिहिलीय, वाचून गलबलून आलं. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, नंतर त्यांच्याच घरची धाकटी सून.

दर १२ जानेवारीला त्या आमचा वर्ग चार पुतळ्यांपाशी न्यायच्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३१ साली याच दिवशी येरवड्यात फाशी गेलेले आपले सोलापूरचे चौघं हुतात्मे. ही नावं खणखणीत म्हणायला लावायच्या, कुणी तोंडातल्या तोंडात पुटपुटलं की पुन्हा! एकनाथांच्या भारुडाला उभ्या राहिल्या की त्यांचा स्वतःचा आवाज असाच माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

घरी मात्र हळू बोलायच्या. शेंगाचटणी कधी मिक्सरला लावू दिली नाही. उखळात कुटताना मुसळाच्या ठोक्यावर नातवंडांकडून पाढे म्हणून घ्यायच्या. तेल सुटलं की चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवून, "बघ गं, मीठ झालंय का?"

यंदा संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेतले नंदीध्वज, त्या उंच सजवलेल्या काठ्या, दारावरून गेले, ओट्यावर त्या नव्हत्या. उखळ आता माझ्याकडे आहे. चटणी अजून तशी होत नाही.