लम्सडेन यांची बनारसची एचिंग: घाटांच्या अभ्यासात किती विश्वासार्ह?

घाटवाचक: एडिंबरा कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवणारे मुद्राचित्रकार अर्नेस्ट लम्सडेन (१८८३–१९४८) विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानात अनेकदा आले आणि बनारसचे घाट त्यांनी एचिंगमध्ये पुन्हा पुन्हा रेखाटले. मराठी राज्यकर्त्यांनी बांधलेल्या घाटांवर मी टिपणे काढत आहे. ही चित्रे पुरावा म्हणून वापरता येतील का?

ताम्रपट: वापरता येतील, परंतु आधी डावे-उजवे तपासावे. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर देऊन त्यावर सुईने रेघा ओढतात, आम्लाने त्या खोदल्या जातात आणि त्यांत शाई भरून कागदावर ठसा घेतात. त्यामुळे चित्रकाराने समोरचे दृश्य थेट पत्र्यावर रेखाटले असेल, तर ठशात ते आरशातल्यासारखे उलटे उमटते. अमेरिकी चित्रकार व्हिसलर यांची व्हेनिसची कित्येक एचिंग अशीच उलटी आहेत. काशीत पडताळा सोपा आहे: गंगा तिथे उत्तरवाहिनी असल्याने नावेतून घाटांकडे पाहताना अस्सी डावीकडे व राजघाट उजवीकडे असतो, म्हणून अहल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेल्या मणिकर्णिका घाटाच्या उजव्या हाताला पंचगंगा घाट यायला हवा. क्रम उलटा दिसला, तर दोष स्थलज्ञानाचा मानू नये.

जुनाशिळाछाप: माझा आक्षेप निराळा आहे. टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी १८३० च्या दशकात प्रसिद्ध केलेली बनारसची शिळाछाप चित्रे पाहणीच्या शिस्तीतून आलेली आहेत, कारण त्यांनी शहराचा नकाशाही तयार केला होता. लम्सडेन यांना पायऱ्यांच्या संख्येपेक्षा त्यांच्यावर पडलेल्या उन्हाशी कर्तव्य होते. कोरी राखलेली जागा हीच त्यांच्याकडे भर उन्हाची खूण आहे, आणि त्या पांढऱ्या भागात कोनाडे किंवा जाळ्या नाहीत म्हणून त्या प्रत्यक्षातही नव्हत्या, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल.

ताम्रपट: हे मान्य. तरीही पंचगंगेवरील औरंगजेबकालीन मशिदीचे उंच मनोरे आज उभे नाहीत, ते लम्सडेन यांच्या काळात होते. नदीवरून शहराची आकाशरेषा कशी दिसे, हे समजून घेण्यासाठी त्यांच्यासारख्या प्रशिक्षित नजरेची साक्ष मला मोलाची वाटते. त्यांचे १९२५ चे ‘द आर्ट ऑफ एचिंग’ हे पुस्तकही चाळावे. मास्तरकी त्यात पानोपानी दिसते.

घाटवाचक: आभारी आहे. मग मोजमापांसाठी प्रिन्सेप आणि एकूण देखाव्यासाठी लम्सडेन, असे ठरवतो, आणि प्रत्येक ठशाची दिशा टिपणात स्वतंत्रपणे नोंदवतो.