रॉबिन हूडपेक्षा लक्षात राहणारी माणसे

प्रश्न (देवगडहून)

परवा पावसाने घरात कोंडून घातले, तेव्हा १९३८ सालचा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' पुन्हा पाहिला. रॉबिन झालेले एरोल फ्लिन देखणे आहेत, चपळ आहेत. तरीही चित्रपट संपल्यावर घरातल्यांच्या बोलण्यात राहिले ते खलनायक प्रिन्स जॉन झालेले क्लॉड रेन्स आणि त्याचा साथीदार गिस्बर्न झालेले बॅसिल रॅथबोन. हा नायकाचा कमकुवतपणा मानावा, की पटकथाच तशी रचलेली आहे?

उत्तर (वेंगुर्ल्याहून)

जत्रेत रात्रभर दशावतार पाहिलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये. राजाची भूमिका करणाऱ्याला मर्यादा सांभाळावी लागते आणि शेवटी तोच जिंकणार हे सर्वांना ठाऊक असते. राक्षसाला मात्र मोकळीक असते, म्हणून त्याच्या प्रवेशाला पेंगणारी माणसेही सावरून बसतात. रेन्स यांनी ही मोकळीक आरडाओरडा न करता वापरली. मेजवानीच्या प्रसंगात रॉबिन खांद्यावरचे हरीण थेट जॉनपुढे टाकतो. भरल्या दरबारात अपमान झालेला हा राजपुत्र संतापत नाही, उलट त्याला गंमत वाटते, आणि त्या मऊ आवाजामुळेच तो अधिक धोकादायक भासतो. रॉबिन काय करील याची मला चिंता नव्हती. जॉन काय करील याची होती.

उत्तर (रत्नागिरीहून)

फ्लिन यांच्यावर थोडा अन्याय होतो आहे. रॅथबोन तलवारबाजीत खरोखर निपुण होते, फ्लिन यांच्यापेक्षा निश्चितच सरस. तरी १९३५ चा 'कॅप्टन ब्लड', हा चित्रपट आणि १९४० चा 'द मार्क ऑफ झोरो' या तिन्हींत त्यांना नायकाच्या तलवारीने मरावे लागले. 'कॅप्टन ब्लड'मधले द्वंद्व तर समुद्रकिनाऱ्यावरचे आहे, आणि वाळूत पाय रोवणे किती अवघड असते हे आपल्याला सांगायला नको. हरणाऱ्याचा हात इतका सफाईदार असतो, म्हणूनच जिंकणाऱ्याचा विजय खरा वाटतो. याला मी नायकावर मात करणे म्हणणार नाही. रॅथबोन यांनी आपले कौशल्य नायकाच्या पदरात टाकले, असे म्हणेन. फ्लिन यांनीही ते हसतमुखाने स्वीकारले.

उत्तर (मालवणहून)

आपण सर्वजण खलनायकांपाशीच थांबलात. हर्बर्ट मंडिन यांचा मच, म्हणजे रॉबिनचा साथीदार, आणि उना ओ'कॉनर यांची बेस, म्हणजे नायिका मॅरियनची दाई, यांच्याकडेही पाहावे. मुलींशी बोलायची सवय नसलेला हा बुटका, मध्यमवयीन गडी आणि तोंडाळ बेस यांचे जुळते, ते आधी केवळ विनोदासाठी आहे असे वाटते. पण जॉनचा भाऊ राजा रिचर्ड याला मारण्याचा कट बेसकडूनच मचला कळतो, आणि तो एकटा जाऊन मारेकऱ्याला संपवतो, स्वतः जखमी होतो. राजाचा जीव वाचतो तो रॉबिनच्या बाणाने नव्हे.

प्रश्नकर्ता

मचचा तो प्रसंग मी केवळ मधला दुवा समजून सोडून दिला होता. आज रात्री तेवढाच भाग पुन्हा लावतो आहे.