५०० डिरेक्टऱ्यांत नोंद: घ्यावी का?

दादरकर: रानडे रोडला फराळाचं दुकान, वेबसाइट नवी. एक जण ५०० डिरेक्टऱ्यांत (धंद्यांची नावं-पत्ते देणाऱ्या वेबसाइटांत) नोंद करून देतो म्हणतोय, तिथल्या लिंकांमुळे गूगलवर वर दिसू म्हणे. पैसे घालावे का?

चाळकरी: अजिबात नको. असल्या ठोक लिंकांना गूगल भीक घालत नाही. डीमॉझ ही एवढी नावाजलेली वेब डिरेक्टरीसुद्धा २०१७ मध्येच बंद झाली. आधी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल सर्च आणि मॅप्सवरची दुकानाची नोंद. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, शटर उघडताना, सगळं न थांबता एकाच शॉटमध्ये. मग बिंग प्लेसेस (बिंग सर्चवरची तशीच नोंद), जस्टडायल. बास.

फास्टलोकल: नाव, पत्ता, फोन सगळीकडे तंतोतंत एकच हवा. एकीकडे नवा नंबर, दुसरीकडे जुना, की एकाच दुकानाच्या दोन नोंदी होतात आणि रिव्ह्यू विभागले जातात. मजकूर एक्सेलमध्ये एकदा पक्का करा, तिथूनच कॉपी-पेस्ट. आणि पाटीवर नसलेलं 'बेस्ट फराळ दादर' नावात कोंबू नका, प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं.

दादरकर: नोंद केली की विक्रीवाल्यांचे फोन फार येतात म्हणे. वेगळा नंबर देऊ?

फास्टलोकल: द्या, पण मग वेबसाइटवरही तोच. प्रत्येक नोंदीतल्या वेबसाइटच्या लिंकला वेगळा यूटीएम (लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावा. वेबसाइटवर कुठून गिऱ्हाईक आलं ते ॲनालिटिक्समध्ये (भेटींची आकडेवारी देणाऱ्या टूलमध्ये) दिसेल.