नवीन फोनवर ५जी दिसतंय, पण नेट जुन्या फोनपेक्षा हळू. सिम बदलू का?

डोंगरपट्ट्यातली ताई (धारूर तालुका, बीड)

नमस्कार मंडळी. मी अंगणवाडी सेविका आहे. आमचं गाव बालाघाटाच्या खोबणीत, दोन्ही बाजूंनी डोंगर. टॉवर एकच, तोबी शेजारच्या गावच्या माळावर.

जुना ४जी फोन बंद पडायला लागला म्हणून भाऊबीज भेटीच्या पैशात घरचे पैसे घालून नवीन ५जी फोन घेतला. वाटलं, आता पोषण ट्रॅकर ह्या सरकारी ॲपचं काम सुटसुटीत होईल. टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा पोषण आहार, वाटताना लाभार्थी बाईचा चेहरा फोनमध्ये घ्यावा लागतो, हे इथल्या सेविका भगिनींना सांगायला नको. बाई एका कडेवर लेकरू घेऊन उभी, दुसऱ्या हातात पिशवी. मी तिला म्हणते, “डोळे मिचकाव गं.” ती मिचकावते, आणि स्क्रीनवर चक्र नुसतं गोल गोल फिरायलंय. वर कोपऱ्यात मात्र ठळक ५जी लिहिलेलं. तिला परत मिचकावायला सांगायचं, परत तेच. शेतात खुरपायला जायचं टाकून आलेली असते बिचारी. ती मजुरी कोण देणार तिला?

जुन्या फोनमध्ये हेच सिम होतं, जागाबी हीच, आणि काम होत होतं. मग आता कामून अडतंय?

गावातला मोबाईलवाला सांगायलाय की हे ४जीचं सिम आहे, ५जीचं वेगळं सिम घ्या, साडेतीनशे रुपये. दुसरा एकजण म्हणतो सिम दुसऱ्या खाचेत घाला. माझ्याकडं दोन सिम आहेत. एक नेटचं, खाजगी कंपनीचं, पॅक रोज दीड जीबीचं. दुसरं बीएसएनएलचं, लई जुनं. बँक आणि आधार त्याच्यावर जोडलेलं, म्हणून ते काढता येत नाही. त्याच्यावर कुणाचा फोन आला की पहिल्याचं नेट गप्प.

अजून एक. लेक लातूरला नीटची तयारी करते, तिनं स्पीड तपासायचं ॲप टाकून दिलं. अंगणवाडी जुन्या दगडी वाड्याच्या खोलीत भरते, वर मातीचं माळवद. खोलीत ते ॲप २ दाखवतं, बाहेर पारापाशी ४०. पण पारापाशी बसूनबी फाइल उतरवली की आकडा ५ च्या वर जाईना. मग ४० खरं की ५?

कृपा करून कुणी नीट समजावून सांगा. साडेतीनशे रुपये द्यायच्या आधी मला कळायला पाहिजे.

गोदाकाठ (गंगाखेड)

ताई, नेटचं सिम खाच १ मध्ये घाला. नेट पहिल्या खाचेतच जोरात चालतं. माझ्या भावाच्या फोनचं असंच झालं होतं.

अंबाजोगाईचा कारागीर

ताई, आधी ते साडेतीनशे रुपये पदरात बांधून ठेवा. देऊ नका.

जिओ असो नाही तर एअरटेल, चालू ४जी सिमवरच ५जी चालतं. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं तेव्हापासून कंपन्या स्वतःच हे सांगत आल्या आहेत. तुमच्या फोनवर ५जी अक्षरं येतात म्हणजे सिम चालतंय. ‘५जी सिम’ म्हणून वेगळे पैसे मागणारा माणूस तुमच्या अडचणीवर धंदा करतोय. माझा धंदाच मोबाईलचा आहे म्हणून हे जास्त लागतं. आमच्याकडं म्हातारी माणसं पेन्शनच्या पैशातून असली सिमं घेऊन येतात, बघून जीव तुटतो.

गोदाकाठ म्हणतात ती गोष्ट आठ-दहा वर्षांमागच्या फोनला लागू होती. तेव्हा दुसऱ्या खाचेत बऱ्याचदा फक्त २जी चालायचं. आताच्या फोनला दोन्ही खाचा सारख्याच. सेटिंगमध्ये ‘मोबाईल डेटा’साठी कोणतं सिम निवडलंय एवढंच बघा. नवीन फोन पहिल्यांदा चालू करताना घाईत भलतंच सिम निवडलं जातं.

आता मुख्य मुद्दा. वर ५जी दिसणं आणि काम ५जीवर होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ५जी चालवायच्या दोन पद्धती आहेत. जिओनं पहिल्यापासून स्वतंत्र ५जी उभं केलं. एअरटेलनं सुरुवात केली ती ४जीच्या आधारानं. ह्या दुसऱ्या पद्धतीत फोन खरं तर ४जीलाच धरून असतो आणि ५जी वरून जोडलं जातं. ४जीच्या टॉवरनं “माझ्यासोबत ५जी आहे” एवढं कळवलं तरी बरेच फोन वर ५जी लिहून मोकळे होतात. प्रत्यक्षात ५जी तुमच्या खोलीत पोचलेलं नसतं.

आणि दगडी वाड्यात ते पोचणं अवघडच. ५जी मुख्यतः ३३०० ते ३६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. त्यात वेग भरपूर, पण जाड भिंतीत ते मरतं. जिओकडं ७०० मेगाहर्ट्झचाही पट्टा आहे. तो लांब जातो, भिंतीतून आत शिरतो, पण रुंदीला कमी, म्हणून त्यावर वेग बेताचाच मिळतो. शेजारच्या आळीत वरात आली तर घरात ढोलाचा दणका ऐकू येतो, झांज येत नाही, तसंच हे. तुमचा जुना फोन ४जीचा, तो निमूटपणे ४जी धरून बसायचा. नवा फोन अर्धंमुर्धं ५जी दिसलं की तिकडं पळतो, तिथं जमलं नाही की परत ४जीवर येतो. ह्या ये-जा मध्येच तुमचं चक्र फिरत राहतं, बॅटरीबी उतरते आणि फोन तापतो.

म्हणून एक करा. सेटिंग, त्यात सिमकार्ड किंवा मोबाईल नेटवर्क, त्यात नेटवर्कचा प्रकार. तिथं ५जी काढून ४जी निवडा. वाटपाच्या दिवशी असंच ठेवा. लातूरला लेकीकडं गेलात की परत ५जी लावा.

दुसरं, दांड्या मोजू नका, आकडा बघा. सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात सिम स्टेटस. तिथं सिग्नलपुढं वजा चिन्हाचा आकडा आणि डीबीएम लिहिलेलं असतं. वजा ८५-९० म्हणजे छान. वजा १०० ला काम चालतं. वजा ११५ च्या पुढं गेलं की कोणताही फोन घ्या, कोणतंही सिम घाला, रडणारच. खोलीत बघा, खिडकीत बघा, दारात बघा, आणि इथं लिहा.

४० आणि ५ दोन्ही खरे आहेत. स्पीडचं ॲप मेगाबिटमध्ये मोजतं, फाइल मेगाबाइटमध्ये उतरते. आठ बिटांचा एक बाइट. ४० भागिले ८, झाले ५. पाराजवळ तुमचं नेट उत्तम आहे, काळजी नको.

देगलूर नाक्यावरून

आमच्या सीमेवरच्या लोकांची वेगळीच तऱ्हा सांगतो, कुणाच्या उपयोगी पडली तर पडली. देगलूर, बिलोली, धर्माबाद भागात फोन पुष्कळदा तेलंगणातला टॉवर धरतो. तो दुसऱ्या सर्कलमध्ये, म्हणजे मोबाईल सेवेच्या दुसऱ्या विभागात येतो. फोनवर बोलणं होतं, पण नेट ठप्प, आणि माणूस म्हणतो फोन बिघडला. काही फोनमध्ये ‘डेटा रोमिंग’ बंद असलं की असं होतं. ते चालू करा. देशातल्या देशात ह्याचे जादा पैसे लागत नाहीत. उमरग्याकडं कर्नाटकाच्या बाजूलाही असंच.

टॉवरवरचा माणूस (परभणी)

कारागीर दादांनी बरोबर सांगितलं. माझी थोडी भर.

ताई, तुमचं पॅक दीड जीबीचं आहे, इथं थांबा जरा. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओ आणि एअरटेलनं अमर्याद ५जी रोज २ जीबी आणि त्यावरच्या पॅकला जोडलं. तुमच्या पॅकला ते लागू आहे का, कंपनीच्या ॲपमध्ये एकदा बघून घ्या. आणि लागू असलं तरी फोन ४जीवर आला की डेटा रोजच्या कोट्यातूनच कापला जातो. कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सॲपचा मजकूर कसाबसा जाईल, चेहऱ्याचा फोटो जाणार नाही. घरात लेकरं सकाळी त्याच फोनवर व्हिडिओ बघतात का? तसं असेल तर वाटपाच्या दिवशी सकाळी फोन तुमच्या हातात राहू द्या. कोटा मध्यरात्री १२ ला नवा सुरू होतो.

टॉवरचंही ऐका. एका टॉवरवर जेवढी माणसं, तेवढ्यांत वेग वाटला जातो. संध्याकाळी सात ते दहा सगळं गाव फोनवर असतं. सकाळी नऊ-दहाला वाटप घेतलं तर तोच टॉवर तुम्हाला मोकळा मिळतो. लाइट गेली की आम्ही बॅटरीवर जातो. बॅटरी संपली की टॉवर बंद, मग फोनला दोष देऊन उपयोग नाही.

ट्राय, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या नियमानं आता सगळ्या कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा टाकावा लागतो. गाव शोधून बघा, तुमच्याकडं ५जी आहे की नुसतं ४जी. कंपनी बदलायचा विचार असेल तर आधी हा नकाशा, मग निर्णय. नकाशात हिरवं आहे म्हणून माळवदाखाली मिळेलच असं नाही, हे पण लक्षात ठेवा.

डोंगरपट्ट्यातली ताई

दादा लोकहो, मनापासून आभार. सांगितलं तसं बघितलं.

खोलीत आत वजा ११८. खिडकीपाशी वजा १०९. बाहेर ओट्यावर वजा ९७. फोन ४जीवर लावल्यावर खिडकीपाशी सावकाश का होईना फोटो जातो, अडकून बसत नाही. ओट्यावर तर बाईनं डोळे मिचकावले की लगेच पुढं सरकतं. आता चेहरे बाहेर ओट्यावरच घेते आणि पाकिटं आत देते. मदतनीस ताईंनी सावलीला जुनं लुगडं बांधून दिलं.

कोट्याचं बी खरं निघालं. पोरगा सकाळी उठल्या उठल्या क्रिकेटचे व्हिडिओ लावतो. त्याला सांगितलंय.

आता राहिलं बीएसएनएलचं सिम. ते लई वर्षांचं आहे, मोठं होतं, दुकानातल्यानं कात्रीनं कापून बारीक करून दिलेलं. नव्या फोनच्या ट्रेमध्ये घालताना दाबावं लागतं. आणि मधीच ‘सिम नाही’ असं येतं, मग ट्रे काढून परत घातलं की चालतं. बँकेचा ओटीपी ह्याच्यावरच येतो. सिम आमच्या मामंजींच्या नावावर आहे. हे बदलून मिळतं का? बदललं तर नंबर जाईल का?

अंबाजोगाईचा कारागीर

ताई, ओट्याचं बेस केलंत.

ते कापलेलं सिम आता त्या ट्रेमध्ये दाबू नका, हे आधी सांगतो. जुनी सिमं ०.७६ मिलिमीटर जाड असतात, नॅनो सिम ०.६७. कात्रीनं लांबी-रुंदी कमी होते, जाडी तशीच राहते. म्हणून दाबावं लागतं. आतल्या बारीक पिना वाकल्या की खाच गेली. मग बोर्डाचं काम निघतं, ते साडेतीनशेत होत नाही. ‘सिम नाही’ येतंय ते ह्यामुळंच असण्याची शक्यता जास्त. तोवर ते सिम घरातल्या जुन्या साध्या फोनमध्ये ठेवा, ओटीपी तिथं येईल. फोन आल्यावर नेट बंद पडतं तेही तोवर थांबेल. दोन सिमच्या बऱ्याच फोनमध्ये दोन्ही सिम जागी असली तरी एका वेळी काम एकाचंच होतं, म्हणून एकावर बोलणं सुरू झालं की दुसऱ्याचं नेट थांबतं. तो फोनचा बिघाड नाही.

बदलून मिळतं, आणि नंबर तोच राहतो. इतकं जुनं आहे म्हणजे ते २जी-३जीचं सिम असणार, त्याच्यावर ४जी चालत नाही. बीएसएनएलचं ४जी आता ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर येतंय. ७०० वालं तुमच्या डोंगरात चांगलं पोचू शकतं, तेव्हा ४जी सिम घेऊन ठेवलेलं फायद्याचंच. तुमच्या गावच्या टॉवरवर ते लागलंय का, हे कार्यालयात विचारा.

सिम मामंजींच्या नावावर आहे म्हणजे मामंजींनाच न्यावं लागेल, त्यांचं आधारकार्ड घेऊन. तुम्ही एकट्या गेलात तर परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. नाही तर कुणीही उठून कुणाचाही नंबर काढून नेईल आणि बँक रिकामी करील. तिथंच विचारून घ्या की पुढं हा नंबर तुमच्या नावावर करायला काय कागद लागतील. बँक तुमची आणि सिम दुसऱ्याच्या नावावर, हे आज ना उद्या अडचणीचं ठरतं. त्याआधी संचार साथी ह्या सरकारी पोर्टलवर तुमच्या आणि मामंजींच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघा. एका माणसाच्या नावावर ९ च चालतात. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथंच कळवता येतं.

आता दिवस नीट निवडा. सिम बदललं की पहिले २४ तास त्याच्यावर एसएमएस येत नाहीत आणि जात नाहीत. फसवणूक होऊ नये म्हणून केलेला नियम आहे तो. म्हणजे ओटीपी एक दिवस बंद. मानधन काढायचं असेल, लेकीची फी भरायची असेल तर ते आदल्या दिवशी उरका. आणि १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही, तोही विचार असेल तर आधी ठरवा. वाटपाचा आठवडा सोडून सोमवारी जा. शनिवारी गेलात आणि सिम चालू व्हायला काही अडलं, तर रविवारी विचारायला कुणी सापडायचं नाही.